लाल सालाचं वजन

भांडीकुंडी बोलत होती त्या काळी भागीरथीकाकूंकडे एक तोरेबाज सूप होतं. काकूंनी भाजलेले शेंगदाणे चोळून त्यात घातले, की ते लाल सालं अंगणात उडवायचं आणि ओरडायचं, "चल, फोलपट बाहेर!"

"मी हलकं आहे, फोलपट नाही," एक साल म्हणालं.

सूप फिदीफिदी हसलं. सालं शेळीने फस्त केली.

काकांचं पोट मात्र महिनाभर साफ होत नव्हतं. काकू वैतागल्या, "सालं खाऊन शेळी टुणटुणीत, आणि सोललेले दाणे खाऊन तुम्ही पोट धरून!"

त्या दिवसापासून दाणे सालासकट कुटले जाऊ लागले आणि सूप खुंटीला टांगलं गेलं. आठवड्याभरात काका हसतमुख झाले.

खुंटीवरून सुपाने विचारलं, "मला खाली कधी काढणार?"

उखळातून एक नवं साल म्हणालं, "फोलपट कोणतं ते तुला कळेल तेव्हा."