भिवरामायचा डोंगा

आपल्या आजोबांच्या आजोबांनाही जे फक्त ऐकून माहीत होतं, ते सांगतो. उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, कमळटोला नावाचं जुनं गाव आहे. मधे मोठा तलाव आणि दोन काठांना दोन वस्त्या. एका काठी धान पिकवणारे, दुसऱ्या काठी मासे धरणारे ढिवर. भिवरामाय ही ढिवरांची म्हातारी. झाडाचं खोड कोरून केलेल्या डोंग्यातून ती सगळ्यांना पलीकडे पोचवायची. डोंगा रेटायचा तिचा बांबू पाण्याला लागला की वारा थांबायचा, असं म्हणतात.

एका वर्षी पाऊस रुसला. तलावात थोडंच पाणी उरलं. ते सोडलं तर मासे मरणार, प्यायलाही राहणार नाही; न सोडलं तर उभा धान करपणार. डोमाजी पाटील धानवाल्यांना घेऊन तलावाचं दार फोडायला निघाला. फागू ढिवर आपली माणसं घेऊन पाळीवर, तलावाच्या बांधावर, आडवा उभा राहिला. त्या दिवशी रक्तच सांडलं असतं.

भिवरामाय म्हणाली, "दोघंबी डोंग्यात बसा. भांडण पाण्याचं हाये, त पाण्यावरच करा."

म्हातारीला नाही कोण म्हणणार? दोघं बसले, एकमेकांकडे तोंड करून. मधोमध गेल्यावर तिने दोघांच्या हातात एकेक बांबू दिला. "आता तुमचं तुमी पाहा, बापू. मी जातो," म्हणाली आणि पाण्यात उतरली.

दोघं डोंगा रेटू लागले, पण जो तो आपल्याच काठाकडे. डोंगा जागच्या जागी गरगर फिरू लागला. त्या शहाण्यांना तेही कळेना. तलावातली कमळं मिटली, पुन्हा उमलली, तरी डोंगा फिरतच होता, असं म्हणतात.

शेवटी दमून फागूने विचारलं, "माय तुमच्या काठाले लागली का जी?"

पाटील म्हणाला, "मले वाटलं, तुमच्याकडंच गेली."

 काठाकडे बघायचं सोडून ते पाण्यात बघू लागले, एकाच दिशेला बांबू मारू लागले, हाका घालू लागले. माय सापडली नाही. ती मासोळी झाली, असं म्हणतात. मला विचाराल तर ती बुडाली, आणि हे सांगताना अजून वाईट वाटतं.

शोधता शोधता दोघांचं ठरलं. अर्ध्या धानाला पाणी द्यायचं, उरलेलं तलावात राखायचं, आणि जो तांदूळ होईल तो दोन्ही काठांनी वाटून खायचा.

आजही कमळटोल्यात पाण्यावरून वाद झाला की दोन्हीकडचा एकेक माणूस डोंग्यात बसतो. मधे गेल्यावर दोघं आधी भिवरामायला हाक मारतात. उत्तर येत नाही. मग दोघं मिळून तिला शोधायला निघतात.