दस्तगीरचाचांचं दुखणं

"पण मी खोटं कुठं बोलले, सर?"

या प्रश्नानं डॉ. मृणालचा रात्रभर डोळा लागला नव्हता. सकाळी साबडे सरांच्या खोलीत शिरताच तिनं तो पुढ्यात टाकला, नमस्कारसुद्धा न करता. दुखणं थांबवायची विद्या ती त्यांच्याच हाताखाली शिकली होती.

सर चहा ओतत होते.

"कोण म्हणतं, खोटं बोललीस?"

"कुणीच नाही... अजून तरी."

दस्तगीरचाचा मिरजेचे, सतारी घडवणारे. स्वादुपिंडाचा कॅन्सर, शेवटच्या टप्प्यातला. दुखण्यापायी माणूस गुडघे पोटाशी घेऊन बसल्या बसल्या झोपायचा. मृणालनं सोनोग्राफीच्या पडद्यावर नजर ठेवून सुई पोटातून आत नेली, कण्यापुढच्या मज्जातंतूंच्या जाळ्यात औषध सोडलं. काम इतकं सुरेख झालं की तिनं पडद्याचा फोटो काढून चार मैत्रिणींना पाठवला.

चाचा त्या रात्री उताणे झोपले. चक्क घोरले.

सकाळी म्हणाले, "बाई, तुमच्या हाताला गुण आहे. गेला बघा आजार!"

त्यांच्या मुलानं आधीच हात जोडले होते, अब्बांना आजाराचं नाव सांगू नका म्हणून.

मृणाल नुसती हसली.

तिच्यासमोरच चाचांनी मस्कतला लेकीला फोन लावला. "तिकीट रद्द कर, नसीम. ठणठणीत आहे मी. ईदला ये सावकाश, पोरांना घेऊन."

ईदच्या आधीच चाचा गेले. नसीम पोचली ती दफन झाल्यावर. आत्ता ती बाहेर बाकावर बसली होती. तिचं एकच विचारणं होतं: अब्बा बरे झाले, हे त्यांना सांगितलं कुणी?

"काय सांगणार आहेस तिला?" सरांनी विचारलं.

"हेच, की शेवटपर्यंत त्यांना दुखलं नाही. शांत झोपेत गेले. हे खरं आहे, सर."

"खरंच आहे." सरांनी कप पुढं केला. "तुझ्या रेवाला परवा लस टोचून आणलीस ना?"

"हो." कुठला विषय कुठं! "मुंगी चावल्यासारखं होईल, म्हटलं तिला."

"रडली?"

"छे! चार वर्षांची आहे, पण शहाणी आहे हो. आईपेक्षा जास्तच."

"काही म्हणाली?"

मृणालनं कप उचलला. पुन्हा खाली ठेवला.

"म्हणाली..."

सर थांबले.

"म्हणाली, 'आई, मुंगीच होती, तर तू तोंड का फिरवलंस?'"



सर उठले. त्यांनी दार उघडलं.

"ये बेटा, आत ये. डॉक्टरबाईंना तुझ्याशी बोलायचंय."