मुंगीचा घास

एका राज्यात म्हाताऱ्यांना पडद्याआड बसवायची रीत होती. केस पिकले, की दरबारात तोंड उघडायचं नाही. राजमाता सगुणावती तशीच बसलेली, आतल्या आत धुमसत.

थोरल्या राजकन्येला, इंदुलेखेला, विकटाक्ष मांत्रिकानं मागणी घातली. ती नाही म्हणाली. त्यानं तिची साळुंकी केली, सोन्याच्या पिंजऱ्यात शेकडो साळुंक्यांत सोडली, दाणे टाकले.

"घरातलं एक पोर, एक कर्ता, एक म्हातारं येऊन बोटानं दाखवू दे," तो म्हणाला. "एकानं जरी ओळखली, तरी माझी माया मोडेल. ज्याचं बोट चुकेल, तो जागीच दगड. तिघं चुकले, तर ही जन्माचं पाखरू!"

"मीच इंदुलेखा! मीच!" साऱ्या साळुंक्या ओरडू लागल्या.

आधी धाकटी मंजुळा गेली, पाच वर्षांची. तिचं लक्ष हुंदडलं पिसांवर, दाण्यांवर, गजांवर. शेवटी आनंदानं ओरडली, "त्या बघा मुंग्या!" बोट मुंग्यांकडे गेलं आणि पोर दगड झाली.

मग राजा गेला. लेकीच्या गालावर तीळ होता. त्यानं तिळाखेरीज काही पाहिलंच नाही. काळ्या ठिपक्याची साळुंकी दिसली, बोट उचललं. राजाही दगड झाला.

राजमाता उठली. प्रधान आडवा आला.

"आईसाहेब, आपलं लक्ष ठरत नाही. काल जपमाळ हातात होती, आणि महालभर शोधत होता."

"शोधली. सापडली. तुझ्या बापाचं काय गेलं? हो बाजूला!"

तिनं पिंजऱ्यापुढे फतकल मारली.

"म्हातारे, नजर कुठं फिरतेय?" मांत्रिक हसला.

"माझी नजर, माझी मर्जी."

लक्ष भरकटलंच. साळुंक्यांची भांडणं पाहिली. दगडाची मंजुळा पाहिली. पोरीचं बोट अजून पुढेच होतं. म्हातारी त्या बोटामागे गेली.

मुंग्यांची रांग एकाच साळुंकीपाशी जात होती. ती साळुंकी आधी एक दाणा बाजूला ठेवी, मग खाई. पहिला घास मुंगीचा! सगुणावतीनं आपल्या ताटाशी बसवून नातीला हेच शिकवलं होतं.

"हीच माझी नात!"

पिंजरा फुटला. इंदुलेखा आजीच्या गळ्यात पडली, राजा हलला, मंजुळा पुन्हा मुंग्यांकडे धावली. मोडलेली माया उलटली, आणि विकटाक्ष होता तिथंच दगड झाला. म्हातारी ढसाढसा रडली.

प्रधान पुटपुटला, "आता पडद्याआड..."

तिनं पडदा खसकन ओढून काढला. "पोरीला दिसलं, मला कळलं. तुम्हा कर्त्यांना नुसता तीळ दिसला! आणि पडद्याआड मी बसू?"

"चुकलो, आईसाहेब," राजा म्हणाला, आणि सिंहासनावर सरकून त्यानं जागा केली.

पडद्याचा मंजुळेला झोपाळा झाला. सांगणाऱ्याचं सांगून झालं. ऐकणाऱ्यांनी मुंगीचा घास काढावा, आजीला हाक मारावी, मगच जेवावं.