केळभाटात नाताळला दारं का उतरवतात

आमच्या केळभाटात नाताळच्या आदल्या दिवशी उन्हं कलली, की घरोघरी दारं उतरवायला घेतात. घराचं पुढचं दार चौकटीतून काढायचं, विहिरीच्या पाण्यानं धुवायचं आणि ओटीवर आडवं ठेवायचं. त्यावर पांढरी चादर, चादरीवर बाळ येशूची मूर्ती. दुसऱ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत घर असंच उघडं. रिकाम्या चौकटीला पडदासुद्धा लावत नाहीत. नवीन माणूस विचारतो, तुम्हाला भीती नाही वाटत? वाटते की. भीती वाटते म्हणूनच तर दार उतरवतो.

तुम्ही दिवस असताना आलात ते बरं झालं. बसा असे ओटीवर. माझा मुलगा चर्चमध्ये गेलाय, तो आला की आमचंही दार काढायचंय. तोवर सांगतो. मला इथे सगळे इनासबाबा म्हणतात. मी हे माझ्या आजोबांकडून ऐकलं, त्यांनी त्यांच्या आईकडून. त्यामुळे थोडंफार इकडचं तिकडे झालं असेल. पण मुख्य गोष्ट गावात सगळे अशीच सांगतात.

फार मागची गोष्ट आहे. तेव्हा इथे रस्ता नव्हता. मिठागरांकडून येणारी पायवाट होती आणि त्या वाटेवर गावातलं पहिलं घर बस्त्यावचं. केळीची वाडी, नागवेलीचा मळा, स्वतःची विहीर, असा खाऊनपिऊन सुखी माणूस. बायकोचं नाव इझाबेल. त्यांची दोन मुलं आधीच्या एका साथीत देवी येऊन गेली होती. उरली होती एकटी रुझाय. तिला जरा शिंक आली तरी बस्त्याव रात्रभर उशाशी बसायचा, असं सांगतात.

अशात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग आला. शहरातून माणसं बोटीनं, पायी, मिळेल त्या वाटेनं पळत सुटली. शेजारच्या गावांत घरंच्या घरं रिकामी झाली. तेव्हा केळभाटातले कर्ते पुरुष क्रुसाजवळ जमले आणि ठरलं, की बाहेरचा माणूस गावात घ्यायचा नाही. गावातला कुणी बाहेरच्याला शिवला, तर तोही बाहेरचाच धरायचा. हा नियम मांडला बस्त्यावनं. लोकांनी मान डोलावली. त्याच महिन्यात त्यानं घराला नवं दार करून घेतलं. सागवानी, एकाच जाड कवाडाचं, आतून अडसर. त्या काळी दारांना बिजागऱ्या नसत. वरखाली खोबणी असे, तिच्यात दार फिरे.

नाताळ आला. पण त्या वर्षी पाद्रींनी देऊळ, म्हणजे चर्च, बंद ठेवलं होतं आणि निरोप पाठवला होता, की आपापल्या घरात प्रार्थना करा, मुलाबाळांना जन्माची कथा सांगा. तसं सगळ्या घरांत चाललं होतं. इझाबेलनं दिवसभर राबून पिठाचे गोड फुगे तळले होते, खोबऱ्याच्या वड्या थापल्या होत्या. दिवेलागण झाली. बस्त्यावनं दाराला अडसर घातला, रुझायला मांडीवर घेतलं आणि सांगायला लागला, की योसेफ आणि मरिया बेथलेहेमला कसे निघाले, वाट किती लांबची होती, मरियेचे दिवस कसे भरत आले होते.

ते दोघं गावात पोचले आणि दारोदार फिरू लागले, इथवर तो आला आणि त्याच वेळी दारावर थाप पडली.

"कोण आहे?" बस्त्यावनं विचारलं.

"मी धर्मा, मिठागरावरचा," बाहेरून आवाज आला. "बायकोला माहेरी पोचवायला निघालो होतो. वाटेतच कळा सुरू झाल्या. आत नको घेऊ दादा. ओटीवर पडू दे तिला."

बस्त्याव उठला. दाराजवळ गेला. अडसरावर हात ठेवून उभा राहिला. मागे रुझाय बसली होती.

"गावानं ठरवलंय बाबा," तो म्हणाला. "मला एकट्याला मोडता येत नाही. पुढे जा. वेशीपलीकडे तळ्याकाठी जागा आहे."

बाहेर बाई कण्हत होती. मग पावलं लांब गेली. पुढच्या घराच्या दारावर थाप ऐकू आली, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक घरात माणसं जागी होती, दिवे लागलेले होते, आणि म्हणे प्रत्येक घरात तीच कथा सांगणं चालू होतं. एकही दार उघडलं नाही.

बस्त्याव परत येऊन बसला. घसा खाकरून म्हणाला, "तर मग रुझाय, त्या दोघांना कुठेच..."

"पुढे सांगू नका," इझाबेल म्हणाली.

"का?"

"कुठल्या तोंडानं सांगणार?"

इझाबेल उठली. ती म्हणाली, "मी जाते. मीही तीन वेळा कळा सोसल्यात. बाईमाणूस जवळ नसलं की काय होतं, मला ठाऊक आहे."

"गेलीस तर तुला परत घरात घेता येणार नाही, इझाबेल. पोरीकडे बघ."

"तिच्याकडे बघूनच जातेय. उद्या मोठी झाल्यावर तिनं आपल्याला विचारलं तर?"

इझाबेलनं रुझायचा पापा घेतला, कपाटातली जुनी लुगडी काखेत मारली, पाण्याची कळशी उचलली आणि मागच्या दारानं गेली. रडली नाही, असं आजोबा सांगायचे. मला वाटतं रडली असेल.

तळ्याकाठी चांगुणा जमिनीवर पडली होती. धर्माची बायको ती. भरतीचं पाणी आत घुसून जमीन चिखलट झालेली, वरून थंडीचा वारा. मूल आडवं होतं. इझाबेलनं हात लावून पाहिलं आणि तिला कळलं, की हे इथे उघड्यावर निभणार नाही. तिनं गावाकडे तोंड करून हाक मारली. नवऱ्यालाच नव्हे, सगळ्या गावाला.

"कुणीतरी या! बाई जाईल हो! हिला उचलायला हवंय!"

वाऱ्यानं तो आवाज घराघरांत नेला. बस्त्यावनंही ऐकला. तो उठून दाराशी गेला आणि अडसर काढला. मग परत घातला. पुन्हा काढला. असं किती वेळा केलं कोण जाणे. शेवटी अडसर त्यानं अंगणात फेकून दिला, दोन्ही हातांनी दार धरलं आणि खोबणीतून उपसून काढलं. शेजारच्या घरातला पेद्रू दाराच्या फटीतून बघत होता. तो ओरडला, "बस्त्याव, वेड लागलं काय तुला? दार का काढतोस?"

बस्त्याव म्हणाला, "हे जागेवर असलं तर मी ते परत लावीन."

पुढे तो म्हणाला, "माझ्या पोरीला तुझ्याकडे घे, पेद्रू. मी आता बाहेरचा झालो." आणि ते जड दार पाठीवर टाकून तळ्याकडे चालू लागला.

चांगुणेला दारावर निजवलं. एका बाजूला बस्त्याव, दुसऱ्या बाजूला धर्मा, मधे इझाबेल तिचा हात धरून. दार आधीच जड, त्यात भरल्या दिवसांची बाई. चिखलात पाय रुतत होते. थोडं अंतर गेले आणि धर्मा गुडघ्यावर बसला. त्याच्या अंगात ताप आहे, हे बस्त्यावला तेव्हा कळलं. त्याला सावरायला एक हात पुढे केला, तर हाताला चटका बसला म्हणे. तरी बस्त्यावनं दार सोडलं नाही. तेवढ्यात वाटेवरून कुणीतरी आलं आणि धर्माच्या बाजूची कड उचलली. पेद्रू होता तो. रुझायला त्यानं बायकोच्या ओटीत दिलं होतं आणि तसाच निघून आला होता. मग आणखी एक जण आला. मग मागून दोघे. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

बस्त्यावच्या ओटीपर्यंत आले. आत न्यायला वेळच नव्हता. दार ओटीवर टेकवलं आणि त्या दारावरच चांगुणा बाळंत झाली. मुलगी झाली. इझाबेलनं मूल फिरवून सोडवलं, नाळ कापली, आपल्या लुगड्यात गुंडाळलं. मूल रडलं, तेव्हा अंगणात उभ्या असलेल्या माणसांनी टोप्या काढल्या.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. सांगणारे काही जण इथेच संपवतात. पण आजोबा पुढचंही सांगायचे, आणि मीही सांगणार.

धर्माचा ताप चढत गेला. इझाबेलनं त्याची सेवा केली. ओटीवरच. ती घरात शिरली नाही, रुझायला तिनं लांबूनच पाहिलं. पेद्रूची बायको पोरीला घेऊन कुंपणापाशी उभी राहायची आणि इझाबेल ओटीवरून हात हलवायची. धर्मा गेला. त्याला पुरून आल्यावर इझाबेलला गाठ आली. तीन राजांचा सण, सहा जानेवारीचा, यायच्या आत तीही गेली.

ती जाण्याआधी बस्त्याव तिच्याजवळ बसला होता. त्यानं विचारलं, "मी आधीच दार उघडलं असतं, तर तू बाहेर गेली नसतीस. आपण बाईला आत घेतलं असतं. मग तू वाचली असतीस का गं?"

ती म्हणाली, "ते देवाला माहीत. पण तुम्ही आलात ना. मी वाट बघत होते."

आणखी कोण कोण गेलं? काही म्हणतात, बाकी एकही माणूस दगावलं नाही, देवानं गाव राखलं. आजोबा म्हणायचे, तसं काही नव्हतं, आणखीही घरांत माणसं गेली. पण ताप बस्त्यावच्या ओटीवरून आला की बाजाराच्या वाटेनं, हे कुणालाच सांगता आलं नाही. काही लोक वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. यानं बायको मारली, असं तोंडावर म्हणाले. त्यानं दार परत बसवलं नाही. पावसाळ्यात चौकटीला माडाच्या झावळ्यांची झापं बांधून राहिला.

पुढचा नाताळ आला. यंदा बस्त्यावचं घर अंधारात राहणार, असंच सगळे धरून होते. पण दिवेलागणीला त्याच्या ओटीवर दिवा दिसला. त्यानं दार धुऊन ओटीवर ठेवलं होतं, त्यावर इझाबेलच्या लग्नातली पांढरी चादर घातली होती आणि घरातली बाळ येशूची मूर्ती आणून तिथे ठेवली होती. शेजारी रुझाय बसलेली. पलीकडे चांगुणा. मिठागरावरून लेकीला घेऊन ती मुद्दाम आली होती. लेकीचं नाव तिनं इजा ठेवलं होतं. इझाबेल हे नाव तिच्या तोंडात बसत नव्हतं.

लोक एकेक करून कुंपणाशी जमले. बस्त्याव रुझायला म्हणाला, "गेल्या वर्षी गोष्ट अर्धी राहिली होती. ते दोघं दारोदार फिरत होते आणि त्यांना कुठेच जागा मिळाली नाही." इथे तो थांबला. वाटेकडे बघत राहिला. मागे मोकळी चौकट, समोर मोकळी वाट. मग म्हणाला, "ये रे पेद्रू, बस. सगळे या." सगळे बसल्यावर त्यानं पुढची कथा सांगितली. गव्हाण, मेंढपाळ, देवदूतांचं गाणं, सगळं. शेवटी फुगे वाटले. ते पेद्रूच्या बायकोनं तळून आणले होते.

त्याच रात्री पेद्रू घरी गेला आणि त्यानं आपलं दार उतरवलं. पुढच्या वर्षी आणखी काही घरांनी उतरवलं. कुणी हुकूम काढला नाही, देवळातून कुणी सांगितलं नाही. हळूहळू सगळ्या गावाची रीत झाली.

आजही आमच्याकडे घरातलं वडीलधारं माणूस दाराशेजारी बसून जन्माची कथा सांगतं. जागा मिळाली नाही, इथवर आलं की थांबायचं. सगळ्यांनी गप्प राहून वाटेकडे बघायचं. कुणी जाताना दिसलं, तो कुठल्याही जातीधर्माचा असो, तर त्याला हाक मारून बसवायचं. मग पुढची कथा, आणि कथा संपल्याशिवाय कुणी गोड तोंडात घालायचं नाही. चांदण्या टांगतो, रोषणाई करतो, मुलं गाणी लावून नाचतात, सुनांनी केकचे नवनवे प्रकार शिकून घेतलेत. ते सगळं हवंच. पण आधी हे. रस्त्यापलीकडे नव्या इमारती झाल्या, तिथेही गावातली काही कुटुंबं राहायला गेलीत. तिसऱ्या मजल्यावर दार काढणं जमत नाही, तर ते उघडं ठेवून त्याच्या उंबऱ्यात मूर्ती ठेवतात. जिन्यातून जाणाऱ्या माणसाला हाक मारतात. पहिल्या वर्षी शेजारी बिचकले होते. आता स्वतःहून येतात.

कधी कधी ते थांबणं फार लांबतं. वाटेवर कुणीच नसतं. मुलं चुळबुळ करतात, आजोबा, आता सांगा ना पुढे. माझी बायको गेली त्या वर्षी मला पुढचे शब्दच सुचेनात. सगळे बसून राहिले. मग धाकट्या सुनेनं सांभाळून घेतलं आणि गव्हाणीपासून पुढे तिनं सांगितलं. तेव्हापासून जागा मिळाली नाही, इथवर मी सांगतो आणि पुढचं ती सांगते.

हा बघा, आला मुलगा. ऊन उतरलं, आता वेळ घालवायला नको. तुम्ही नुसते बघत उभे राहू नका हो. या असे, खालची कड धरा. जरा जपून, सागवानी आहे, जड लागेल. धरलं? हां, आता उचला.