ताईच्या वाटचा राजवाडा

एका गावात एक भोळा भाऊ होता. नाव खंडू. त्याची थोरली बहीण इंदूताई शाळेत चित्रकला शिकवायची. स्पेनमधल्या अल्हंब्रा राजवाड्याची नक्षीदार छतं एकदा डोळ्यांनी बघायची, एवढीच तिची इच्छा. आई म्हणाली, "एकटी जायचं नाही. खंडूला ने."

आईचं चुकलं. पण आईला कोण सांगणार?

दोघं पाठीवर सॅक टाकून बार्सिलोनात उतरले. ताई म्हणाली, "इथं खिसेकापू फार. पासपोर्ट छातीशी धर. कुणी मागितला तरी सोडू नकोस."

स्वस्तातल्या हॉस्टेलवर गेले. काउंटरवरच्या बाईंनी पासपोर्ट मागितला. खंडू सोडेना. ताई समजावत होती, खंडू मान हलवत होता. तासाभराने ताईने त्याला गुदगुल्या केल्या, तेव्हा सुटला.

"अरे, काउंटरपलीकडून हात पुढे आला, की हातातलं मुकाट्याने द्यायचं!"

"बरं ताई."

मग व्हॅलेन्सिया. तिथला केशर घातलेला, कढईतला भात प्रसिद्ध. ताईने दोघांत एकच थाळी घेतली, खंडूच्या हातात दिली आणि पाणी आणायला गेली. शेजारच्या गाळ्यावरच्या आजोबांनी काउंटरपलीकडून नमस्कारादाखल हात पुढे केला. खंडूने थाळी दिली.

"भात कुठाय?"

"आजोबांनी खाल्ला. चांगला होता म्हणे."

ताईने कपाळावर हात मारला. "पैसे भरलेलं असं वाया घालवतात? मी नसले, तर माझ्या वाटचंही तूच संपवायचं!"

"बरं ताई."

पुढे सेव्हिल. भर दुपारी खंडूला भूक लागली. बेकरी बंद होती. त्याने दार बडवलं. मग शेजारचं बडवलं. मग सगळी गल्लीच बडवली. बनियनवरची माणसं गॅलरीत आली आणि बरंच काही बोलली. भाषा कळली नाही, अर्थ कळला.

ताई म्हणाली, "दुपारी इथली माणसं झोपतात. दार बंद दिसलं, की बाहेर गप्प बसायचं. कुणाला उठवायचं नाही!"

"बरं ताई."

शेवटी ग्रॅनाडा, अल्हंब्राचं गाव. राजवाड्यात शिरायची वेळ दुपारी तीनची. पुढच्या तारखा भरलेल्या, आणि सकाळी परतीचं विमान. ताईने ठेवणीतली साडी काढली, तिकिटं खंडूकडे दिली आणि दीड वाजता न्हाणीघरात गेली. कडी अडकली.

"खंडू! दार उघडत नाही! कुणाला तरी बोलाव!"

खंडूने बघितलं. दुपार होती. दार बंद होतं. तो बाहेर गप्प बसला.

"खंड्या! मेल्या! ऐकतोयस ना?"

'ताई लहानपणापासून झोपेत बडबडते,' खंडूने मनाशी म्हटलं. आवाज ऐकून हॉस्टेलचे मालक धावत आले. खंडूने ओठांवर बोट ठेवलं. मालक बिचारे चवड्यांवर परत गेले.

अडीच वाजले. खंडू उठला आणि पाय न वाजवता निघून गेला.

संध्याकाळी परतला, तेव्हा सुताराने दार काढलं होतं. ताई साडी नेसून पायरीवर बसली होती. रडून डोळे सुजले होते.

"झोप झाली का, ताई?"

"माझं तिकीट वाया गेलं रे, खंडू!"

"छे! वाया कसं जाऊ देईन?" खंडू म्हणाला. "प्रत्येक छत दोनदा बघितलं. एकदा माझ्या वाटचं, एकदा तुझ्या वाटचं. तुझ्या वाटचं बघताना जरा कंटाळा आला, पण संपवलं."