खळ्याला आग

वर बघणं सोडलं, हाच यांचा गुन्हा. डोक्यावर एवढं मोठं आभाळ रोज उघडं पडलेलं असतं, अगदी फुकट, आणि माणसं पायाखालची वाळू बघत बुडून जातात. मग म्हणतात, आम्हाला कुणी सांगितलंच नाही. सांगितलं होतं. ऐका.

येळवी नदीवर पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. बोरवंड गावात मैनाबी नावाची पिंजारीण राहायची. गावातल्या साऱ्या गाद्या, साऱ्या उशा तिच्या हातच्या. दिवसभर कमानीची तात वाजवून कापूस पिंजायची आणि मान दुखली की वर बघायची. असं म्हणतात, की बघता बघता तिला आभाळातलाही कापूस कळायला लागला.

अगदी उंचावर, घारही पोचत नाही तिथं, आधी सुटे पांढरे तंतू दिसायचे. नुसतेच तंतू असले, तर त्यात काही नाही. पण तंतूंमागून पातळ थर पसरला आणि त्या थरातून सूर्याभोवती गोल कडं उमटलं, म्हणजे खळं पडलं, की एक-दोन दिवसांत आभाळ फुटायचं.

हे तिला चुकत चुकतच कळलं होतं. एका वर्षी नुसते तंतू बघून तिनं गावभर ओरड केली. लोकांनी वाळत घातलेल्या शेंगा धावपळ करून घरात भरल्या, आणि पुढं आठ दिवस कडकडीत ऊन पडलं. तेव्हापासून येता-जाता लोक विचारायचे, “काय मैनाबी, आज वर किती शेर कापूस पिंजला?”

मग आला तो मार्गशीर्ष. दुपारी सूर्याला भलंमोठं खळं पडलं. मैनाबी धावत पाटलांकडं गेली.

भुजंगराव पाटील सुपारी कातरत म्हणाले, “मार्गशीर्षात पूर? मैनाबी, जा, माझी गादी पिंजून दे.”

दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार होता, आणि तो भरायचा नदीच्या कोरड्या वाळूत. मैनाबीची लेक जैनब पहाटेच गाद्या घेऊन तिथं बसली होती. मैनाबीनं कमान उचलली. रोज टणटण वाजणारी तात ओल धरून भद्द वाजली. ती बाहेर आली. सूर्य घासलेल्या काचेमागं ठेवल्यासारखा फिका, आणि नदीच्या वरच्या अंगाचे डोंगर दिसेनासे झालेले. पाऊस तिथं कधीचाच लागला होता. इथं एक थेंबही नव्हता.

मैनाबी कमानीसकट पळत सुटली. कालच सूर्याला खळं पडलं होतं, आता तरी उठा, असं तिला सांगायचं होतं. पण वाळूत पोचेपर्यंत छाती भरून आली, आणि तोंडातून एकच शब्द फुटला.

“खळं! अगं बायांनो, खळं!”

सगुणा तेलीण ताडकन उठली. “खळ्याला काय झालं? आग लागली काय?”

गावाचं खळं वरच्या टेकाडावर होतं. साऱ्या गावाची वर्षाची ज्वारी तिथं रास घालून पडलेली. सगळ्यांच्या नजरा मैनाबीवर.

मैनाबी जन्मात खोटं बोलली नव्हती. खळं सूर्याला पडलं गं, असं ती म्हणणारच होती. तेवढ्यात तिला जैनब दिसली, गाद्यांच्या ढिगावर बसून पोराला पाजणारी.

“हो!” मैनाबी ओरडली. “खळ्याला आग! पळा!”

आभाळासाठी जो बाजार हलला नसता, तो ज्वारीसाठी उठला. कुणी कळशी घेतली, कुणी घागर. बाजारात आलेले पाटील तर पानाचा डबा टाकून पळाले. जैनब पोराला घेऊन सगळ्यांच्या पुढं. टेकाडावर पोचून बघतात तर रास जशीच्या तशी. धूरसुद्धा नाही.

“म्हातारे, कुठाय आग?” पाटील कडाडले.

मैनाबीनं नुसतं खाली बोट दाखवलं.

वाळू नव्हतीच. जिथं बाजार होता, तिथून तांबडं पाणी घुमत चाललं होतं आणि त्यावर जैनबच्या गाद्या होड्यांसारख्या तरंगत होत्या. असं म्हणतात, की पाणी टेकाडाच्या शेवटच्या पायरीपर्यंत चढलं, तिथं त्याला मैनाबीच्या तातीचा टणत्कार ऐकू आला, आणि ते मुकाट्यानं मागं फिरलं. असंही म्हणतात, की त्या दिवशी माणसं दोनदा मोजली आणि दोन्ही वेळा पुरी भरली. पाटील मटकन खाली बसले आणि हसत सुटले. मग सगळेच हसले, रडत रडत.

आता बोरवंडमध्ये प्रत्येकाच्या मोबाईलवर हवामानाचा इशारा येतो. लाल, नारिंगी, पिवळा. पण तो आला, की ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर आजही तीनच शब्द घुमतात: खळ्याला आग, पळा! आणि अख्खं गाव, भरली कळशी घेऊन, टेकाड चढतं.

गेल्या वर्षी नव्यानं बदलून आलेले ग्रामसेवक असेच धापा टाकत वर आले. शर्ट भिजलेला, हातात कळशी. इकडं तिकडं बघत त्यांनी विचारलं, “आग कुठाय?”

शेजारी उभी असलेली भाजीवाली म्हणाली, “नाहीये, साहेब, तेच तर बघायला चढलो. ठेवा ती कळशी खाली, अन् वर बघा.”