शेजाऱ्याच्या शिवेची फेरी

एकदा एक अगदी लहान राज्य होते. किती लहान, तर राजवाड्याच्या मुदपाकखान्यात मिरचीची फोडणी पडली, की सीमेवरचा पहारेकरी शिंकत असे. डोंगरमाथ्यावर अशी तीन राज्ये शेजारी शेजारी नांदत होती आणि पायथ्यापासून पुढे दृष्टी पोहोचेल तिथवर एका सम्राटाचे साम्राज्य पसरले होते. सम्राटाला भूमीची वाण नव्हती. पण ज्याच्यापाशी पुष्कळ असते त्यालाच आणखी थोडे हवे असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हा सम्राट सैन्य पाठवीत नसे. दर चैत्रात त्याची माणसे येत, शिवेचे दगड दहा पावले वर सरकवीत आणि मागोमाग आंब्यांची करंडी व एक गोड पत्र धाडीत. मोजणीदारांची चूक झाली, आता राहू द्यावे, एवढाच त्यातला मजकूर. दहा पावले खडकाळ माळासाठी हत्तीशी कोण भांडणार? राजे आंबे खात आणि गप्प बसत.

या लहान राज्याचा तरुण राजा अरिंजय. नावाचा अर्थ शत्रूंना जिंकणारा. पदरी सैनिक दोनशे आणि हत्ती एक, तोही म्हातारा. त्या वर्षी दगड सरकले ते थेट झऱ्याच्या वर. साऱ्या राज्याचे पिण्याचे पाणी त्या एका झऱ्याचे. पत्रही या वेळी निराळे होते. वैशाखी पौर्णिमेपासून झऱ्यावर आमची चौकी बसेल आणि पाणी भरण्यास आमची अनुज्ञा लागेल, असे त्यात लिहिले होते. करंडी मात्र नेहमीपेक्षा मोठी होती.

अरिंजयाने त्या करंडीला हातही लावला नाही. तो टेकडीवर राहणाऱ्या आपल्या वृद्ध आचार्यांकडे गेला आणि त्याने सगळे सांगितले. झरा गेला तर प्रजा जाईल, आणि लढलो तर आधी सैनिक जातील, मग प्रजा. मी काय करू, असे त्याने विचारले तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते.

आचार्यांनी त्याला आधी पाणी दिले. मग पौर्णिमेच्या फेरीची काय तयारी झाली, असे विचारले. त्या डोंगरावर एक जुनी रीत होती. वैशाखी पौर्णिमेला प्रत्येक राजा आपल्या लोकांसह, ढोल वाजवीत आपल्या राज्याच्या शिवेवरून चालत जाई आणि प्रत्येक दगडाला हळदकुंकू लावी.

"यंदा तू आपली शीव चालू नकोस," आचार्य म्हणाले. "सगळी माणसे घे, ढोल घे, शिदोरी घे आणि आजच पूर्वेच्या राणीची शीव चालून ये."

अरिंजयाला वाटले, म्हातारपणी आचार्यांची बुद्धी ढळली. एक तर पौर्णिमेला अजून चार दिवस होते. त्यातून पूर्वेच्या राज्याशी पन्नास वर्षे बोलणे बंद. कारण? त्याच्या आजोबांच्या लग्नात तिकडच्या राजाला दुसऱ्या पंगतीत बसवले होते, आणि त्या पंगतीला जिलबी पुरली नव्हती. हसू नका. आपल्याकडे राज्ये तलवारीने कमी आणि मानपानाने जास्त दुभंगली आहेत.

तरीही गुरूची आज्ञा म्हणून तो निघाला. पूर्वेच्या शिवेवर पोहोचतो तो काय, तिथल्या जुन्या दगडांचे खड्डे मोकळे होते आणि दगड तीस पावले वर उभे होते. खड्ड्यांत गवतही उगवले होते. म्हणजे हा प्रकार आजचा नव्हता. अरिंजयाने अंगरखा काढला, दगडाला खांदा लावला आणि माणसांना हाक दिली.

ढोल ऐकून राणी आली. सत्तरी उलटलेली, काठी टेकणारी, पण आवाज खणखणीत. माझ्या शिवेवर चोरी करायला आलास का, असे तिने विचारले. पण पाहते तर हा परका तरुण तिचाच दगड तिच्याच खड्ड्यात परत बसवीत होता, आणि त्याचे तळहात सोलवटले होते. तिचा राग जागच्या जागी विरला.

"तीन वर्षे मला हे ठाऊक आहे रे," ती हळूच म्हणाली. "लाजेने कुणाला बोलले नाही. तुम्हाला कळलं तर हसाल, असं वाटायचं."

"आम्हीही त्याच भीतीने गप्प होतो, आजीसाहेब," अरिंजय म्हणाला.

मग दोघेही हसले, आणि राणी हसता हसता रडलीही. तिने सर्वांना जेवू घातले, आणि अरिंजयाला पहिल्या पंगतीत, आपल्या शेजारी बसवले. दुसऱ्या दिवशी दोघे मिळून पश्चिमेच्या राजाची शीव चालले. तिथे काय आढळले असेल, ते तुम्ही ओळखले असेलच. तिसऱ्या दिवशी राणी आणि पश्चिमेचा राजा अरिंजयाची शीव एकेक दगड मोजत चालले.

पौर्णिमेला सम्राटाचा अधिकारी चौकी बसवायला शंभर सैनिक घेऊन झऱ्यावर आला. तिथे तिन्ही राज्यांची प्रजा दगड खाली उतरवीत होती, ढोल वाजत होते आणि चुलींवर भात शिजत होता. हा वाद अरिंजयाशी, तुमचा येथे काय संबंध, असे त्याने राणीला दरडावून विचारले. राणीने काठीने शेजारचा दगड दाखवला आणि सांगितले की त्याचा मोकळा पडलेला मूळ खड्डा तिने स्वतः पाहिला आहे, आणि हवे तर सम्राटालाही येऊन सांगेल. अधिकारी मूर्ख नव्हता. साम्राज्याचा सारा माल या डोंगरातल्या तीन खिंडींतून, म्हणजे प्रत्येक राज्यातल्या एकेका खिंडीतून, जाई. एक बंद झाली तर दोन उरत. तिन्ही बंद झाल्या तर बाजार ओस पडला असता. त्याने सैनिकांना परत फिरवले. जाताना त्याने भातही खाल्ला म्हणतात.

अरिंजय आचार्यांकडे आला आणि पाया पडला. पण एक कोडे उरले होते. झरा माझा असताना मला दुसऱ्याच्या शिवेवर का पाठवलेत, असे त्याने विचारले.

आचार्य म्हणाले, "आपला सरकलेला दगड आपण एकटेच पाहतो, तेव्हा ती आपली लाज होते, आणि लाज माणूस गिळून टाकतो. तोच दगड शेजाऱ्याने पाहिला की ती साक्ष होते. सम्राटाने तुझे सैन्य कधी मोजलेच नाही, अरिंजया. त्याने तुमचे रुसवे मोजले होते. लहानाने एकट्याने सोसायचे ठरवले, की बलवानाला लढावेही लागत नाही."

"तो पुढच्या चैत्रात पुन्हा येईल का?"

"येईल की. सम्राट काही एका भाताने साधू होत नाही. म्हणून तर फेरी दर वर्षी असते." मग आचार्यांनी सहज विचारले, "बरे, राणीच्या शिवेवर दगड किती?"

"एकशे बारा," अरिंजय तत्काळ म्हणाला.

"आणि तुझ्या?"

दर वर्षी खाली मान घालून चालल्यामुळे अरिंजयाने ते कधी मोजलेच नव्हते. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरले.

"ते आजीसाहेबांना ठाऊक आहे," तो म्हणाला.